वास गेला, तिरफळ राहिलं : आईच्या जेवणाबद्दल विचारायचं आहे

अबोली

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या साखळीचे. घरात नवरा, मुलगा, मी आणि माझी आई. आई ६८ वर्षांची आहे.

मागच्या चतुर्थीनंतर तिला ताप-सर्दी झाली. आठवड्यात उठली, कामाला लागली, पण वास गेला तो गेलाच. नाक चोंदलेलं नाही, श्वास मोकळा आहे. आज पाच महिने झाले. पहिल्या डॉक्टरांनी 'वय झालं की असं व्हायचंच' म्हणून परत पाठवलं, ते माझ्या मनाला फार लागलं. नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून नीट तपासलं. आत गाठ वगैरे काही नाही, विषाणूने वासाची यंत्रणा दुखावली आहे, वेळ लागेल, असं त्यांनी समजावून सांगितलं.

माझी आई म्हणजे मासळीवालीने पाटल्यावरचं फडकं उचलायच्या आत बांगडा सकाळचा की कालचा ते सांगणारी बाई. आता तिच्यापुढे सकाळी उकड्या तांदळाची पेज ठेवली की दोन घोट घेते आणि वाटी बाजूला सारते. "पेज न्हय गो ही, हून उदक (गरम पाणी)," म्हणते. सहा किलो वजन उतरलं आहे. जेवायला बोलावलं की येते, बसते, भात चिवडते आणि उठते.

पण मागच्या रविवारी वेगळंच घडलं. मी बांगड्यांचं हुमण (कालवण) केलं, नेहमीसारखी तिरफळं (मसाल्याची वाळलेली फळं) ठेचून शेवटी घातली. आईने पहिला घास घेतला, थांबली, ओठांवर बोट फिरवलं. "ओंठांक मुंयो आयल्यो (ओठांना मुंग्या आल्या)," म्हणाली आणि भात परत मागून घेतला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

माझा प्रश्न असा : वासच येत नाही तर तिरफळ तिला कसं कळलं? वास गेला तर जिभेची चव का जावी? तुमच्यापैकी कोणी या विषयात असेल तर सविस्तर लिहा. मी कॉमर्सची, पण समजून घेईन.

घुमट

बाकीचं नंतर, आधी गॅस. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. आईंना तो येणार नाही. गळती ओळखून वाजणारं यंत्र बाजारात मिळतं, ते आजच आणा आणि शेगडीजवळ पण खाली, जमिनीलगत लावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. आणि फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहा. काल उरलेली आमटी आंबली आहे का हे आता त्यांना नाकाने कळणार नाही.

खाजन

अबोलीताई, मी प्राणिशास्त्र शिकवते. सविस्तर लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

जिभेला मोजून पाच चवी कळतात : गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. पाचवी १९०८मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून ओळखली. ग्लुटामेटची चव. बाकी आपण ज्याला 'चव' म्हणतो, हुमणाची, पेजेची, फणसाची, ती जवळजवळ सगळी वासाचीच असते. घास चावताना त्याची वाफ घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढते आणि श्वास सोडताना वासाच्या पेशींना भिडते. मेंदू मात्र तो अनुभव तोंडात घडला असं मांडतो. म्हणून वास गेला की माणूस 'तोंडाची चव गेली' म्हणतो.

आज घरी करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि बडीशेप-साखर चावा. फक्त गोड लागेल आणि दाताखाली काहीतरी कुरकुरेल. मग चिमटी सोडा. बडीशेप एका क्षणात 'येते'. आई गेले पाच महिने त्या चिमटीत जेवत आहेत.

आता पेजेकडे बघा. उकडा तांदूळ, पाणी, मीठ. जिभेला कळेल असं तिच्यात मिठाशिवाय फारसं काहीच नाही, तिचं सगळं रूप त्या शिजलेल्या उकड्या भाताच्या वासात आहे. आईंनी तिला 'हून उदक' म्हटलं, ते अक्षरशः बरोबर आहे. त्या रुसून बोलत नाहीत, जे जाणवतं तेच सांगत आहेत. हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात घ्या अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वासाची यंत्रणा लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१मध्ये उलगडली, २००४चं नोबेल त्यांना मिळालं. उंदरात वासग्राहकांची (वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची) सुमारे १००० जनुकं आहेत, माणसात चालू असलेली सुमारे ४००. नाकातली एक चेतापेशी साधारणपणे एकाच प्रकारचा ग्राहक धरते. तिथून निरोप मेंदूतल्या वासकंदात जातो आणि पुढे थेट भावना-आठवणींच्या भागाला, अमिग्डालाला, भिडतो. डोळ्या-कानांचे निरोप आधी थॅलॅमसच्या नाक्यावर थांबतात, वासाला ते बंधन नाही. आईंच्या उदासीचं एक कारण इथेही असणार.

आशेची गोष्ट अशी की या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. मेंदूतल्या बहुतेक पेशींना हे भाग्य नाही. कोविडच्या काळात २०२०मध्ये दिसून आलं की तो विषाणू मुख्यतः चेतापेशींच्या शेजारच्या आधारपेशींवर घाव घालतो. आईंचा विषाणू कोणता होता ते आता सांगता येणार नाही, पण खालच्या थरातल्या मूळ पेशी शाबूत असतील तर डागडुजी होऊ शकते. महिने लागतात.

तिरफळाचं उत्तर मांडवीकाठ सरांनी द्यावं, त्यात त्यांचा विषय येतो.

मांडवीकाठ

बोलावलंत म्हणून आलो. मी पणजीत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. घरी तिरफळाशिवाय बांगडा होत नाही.

आईंना जे कळलं ते चवही नव्हती आणि वासही नव्हता. तो स्पर्श होता. तिरफळाच्या कुळात सानशूल नावाचे पदार्थ असतात. ते ओठ-जिभेच्या स्पर्शाच्या चेतातंतूंना चेतवतात. बाहेरून कोणी हात लावलेला नसतो, पण तंतू मात्र 'काहीतरी थरथरतंय' असं मेंदूला कळवत राहतात.

ही थरथर किती वेगाची? २०१३मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या हागुरा, बार्बर आणि हॅगार्ड यांनी ती मोजली. झिणझिण्या मोजायच्या कशा, हा प्रश्नच मला फार आवडला. त्यांनी लोकांच्या खालच्या ओठाला त्याच कुळातल्या चिनी मिरीचा लेप लावला आणि बोटाखाली एक कंप पावणारं यंत्र ठेवलं. ओठावरची थरथर जलद की बोटाखालची, एवढंच विचारायचं. यंत्राचा वेग कमी-जास्त करत गेले, दोन्ही सारखे वाटले तो आकडा निघाला सुमारे ५० हर्ट्झ. सेकंदाला ५० कंपनं. मग त्यांनी ओठाचे ते तंतू आधी खऱ्या कंपनाने थकवले, तर झिणझिण्यांचा वेग मंदावल्यासारखा वाटला. म्हणजे खरा कंप आणि मिरीचा 'कंप' एकाच तारेवरून मेंदूत जातात. त्वचेत हलक्या थरथरीसाठी मायस्नर कणिका असतात, हा वेग त्यांच्याच टापूतला आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. हा प्रयोग चिनी मिरीवर झाला, आपल्या तिरफळावर नाही. दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली भावंडं, आणि ओठाला येणारा अनुभव आपण सगळे जाणतोच. पण आपल्या तिरफळाचा आकडा नेमका ५० निघेल असं मी छातीठोक म्हणणार नाही. गोव्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने हे मोजावं असं मला मनापासून वाटतं. लागणारं साहित्य फारच थोडं आहे.

आपल्या घरातली वीजही ५० हर्ट्झचीच. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची घूं-घूं ऐकता तशीच ओठांवरची घूं-घूं समजा.

दिवजां

सर, नमस्कार. छोटी दुरुस्ती. मी विजेच्या कामात आहे. ट्रान्सफॉर्मरची घूं-घूं १०० हर्ट्झची असते. वीज एका आवर्तनात एकदा इकडे, एकदा तिकडे वाहते आणि दोन्ही वेळा लोखंडी गाभा किंचित ताणला जातो. म्हणून आवाज दुप्पट.

मांडवीकाठ

अगदी बरोबर. घाईत चुकीचं उदाहरण दिलं, उदाहरण मागे घेतो. आभार.

कुळागर

आमच्या बागेच्या कुंपणाला तिरफळाची चार झाडं आहेत. खोडापासून फांदीपर्यंत काटेच काटे, घोस काढणं जिकिरीचं. हिरवे घोस चतुर्थीच्या सुमारास बाजारात दिसतात, मग उन्हात वाळवून वर्षभर ठेवायचे. वाळलं की साल आपोआप उकलते, आतली काळी बी काढून टाका, तिच्यात काही नाही. सगळा गुण सालीत.

दळू नका. वाटपात घालू नका. थोड्या पाण्यात ठेचून हुमण उतरवायच्या आधी घाला आणि झाकण ठेवा. अबोलीताई हेच करतात हे वाचून बरं वाटलं. आणि सहा महिन्यांपेक्षा जुनं तिरफळ असेल तर दोन जास्त घाला, जोर उतरतो.

पाटो

माझा एक उपाय. आईंना मोठ्या ताटात वाढा. ताट मोठं असलं की माणूस नकळत जास्त जेवतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे असं वाचलं होतं.

खाजन

पाटोभाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे जरा थांबावं लागेल. ताट-वाटीच्या आकाराचे ते प्रसिद्ध प्रयोग बहुतेक अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वानसिंक यांचे. तळातून गुपचूप भरत राहणारा सुपाचा वाडगा हा त्यांचाच. २०१८मध्ये 'जामा' या वैद्यकीय समूहाच्या नियतकालिकांनी त्यांचे ६ निबंध एका दिवशी मागे घेतले. विद्यापीठाच्या चौकशीत आकडेवारी चुकीची मांडल्याचं आढळलं आणि त्यांनी राजीनामा दिला. खाण्याच्या मानसशास्त्रातला हा मोठा धक्का होता. मी स्वतः वर्गात ते प्रयोग शिकवले होते, पुढच्या वर्षी मुलांसमोर उभं राहून ते परत घेतले.

ताटाच्या आकाराचा परिणाम अजिबात होत नाही असं मी म्हणत नाही. पण त्याच्या भरवशावर आईंचं जेवण ठेवू नये. उलट भूक कमी झालेल्या माणसापुढे मोठं ताट आलं की दडपण येतं, हे मी घरात पाहिलं आहे.

त्याच विषयात भक्कम कामही झालं आहे. २०१९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना चार आठवडे आत ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न, दोन्हींत साखर, चरबी, मीठ जुळवून दिलेलं, आणि हवं तितकं खा. कारखान्यातल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. प्रत्येक घास मोजलेला होता. असा प्रयोग आणि उडत-उडत वाचलेली बातमी यांत फरक करावा, एवढंच.

सुरंगी

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. अबोलीताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर मी अडकले : 'जेवायला बोलावलं की येते.' म्हणजे आपणहून येत नाहीत, हो ना?

भूक नुसती पोटात लागत नाही. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, जठरात रस सुटायला लागतात, घास जायच्या कितीतरी आधी. पावलॉव्ह यांना १९०४चं नोबेल मिळालं ते पचनाच्या या अभ्यासासाठीच. आईंना स्वयंपाकघरातून येणारी ती हाक बंद झाली आहे. म्हणून दुसऱ्या हाका द्या. त्यांना फोडणी स्वतः करू द्या. मोहरीच्या आत पाण्याची वाफ कोंडते आणि दाणा तडतडतो, तो आवाज आहे, तेलाचा रंग आहे, हाताला लागणारी धग आहे. आणि घड्याळाची वेळ पक्की ठेवा.

दुसरं, एकटं जेवायला बसवू नका. जॉन डी कॅस्ट्रो यांनी माणसांकडून जेवणाच्या नोंदवह्या लिहून घेतल्या होत्या. पंगतीत माणसं जितकी जास्त तितकं जेवण जास्त, हे त्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. तुमचा तो रविवार मला इथेही दिसतो. त्या दिवशी घरी सगळे होते का?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मळमळत असताना त्यांच्या आवडीचं काही भरवू नका. १९५५मध्ये जॉन गार्सिया यांनी दाखवलं की उंदराने गोड पाणी प्यायलं आणि मग किरणोत्साराने त्याला त्रास झाला, तर तो त्या पाण्याला पुन्हा तोंड लावेनासा होतो. एरवी शिकायला दहादा सांगावं लागतं, ही नावड एका प्रसंगात बसते, आणि खाणं व त्रास यांत काही तास गेले तरी बसते. माझ्या मावशीने केमोथेरपीच्या दिवसांत सोलकढी प्यायली होती. बरी होऊन सहा वर्षं झाली, अजून ती सोलकढीच्या वाटीकडे बघत नाही, आणि ती मूळची केप्याची, सोलकढीवर वाढलेली.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. बडीशेपेचा प्रयोग घरात चौघांनी केला. चिमटी सोडल्यावर माझा मुलगा आजीकडे बघत राहिला आणि मग उठून तिच्या शेजारी जाऊन बसला.

गॅसचं यंत्र बसवलं. सुरंगी, हो, रविवारी सगळे होते. एरवी आम्ही कामावर, ती एकटीच जेवते. आता मुलगा कॉलेजातून दीड वाजता येतो, तोवर ती थांबते.

पण रोज हुमण कसं करू? आणखी काय देता येईल?

खाजन

ज्या वाटा उघड्या आहेत त्यांतूनच अन्न आत पाठवायचं. पेजेबरोबर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोशिंबीर, द्या. सुक्या मासळीत उमामी भरपूर, जिभेला ती थेट कळते. भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांचा आंबटपणा कळतो, गूळ कळतो. मिरची तर कळणारच. १९९७मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीच्या तिखटपणाचा ग्राहक शोधला, तो सुमारे ४३ अंशांच्या वर उष्णता ओळखणाराच ग्राहक निघाला. म्हणून तिखट 'जळतं'. २०२१च्या नोबेलमध्ये हे काम होतं. मीठ मात्र वाढवत नेऊ नका. वास गेलेली माणसं चव शोधत मिठाकडे वळतात आणि रक्तदाब चढतो.

मांडवीकाठ

आणि आवाज. ऑक्सफर्डमध्ये झँपिनी आणि स्पेन्स यांनी २००४मध्ये लोकांना बटाट्याचे वेफर चावायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकवला. त्यातला बारीक, उंच पट्टीतला आवाज वाढवला की तेच वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. तेव्हा पापड द्या, पण सादळलेला नको. पापड कुरकुरतो कारण कोरडा स्टार्च काचेसारखा कडक असतो. हवेतलं पाणी त्यात शिरलं की तीच काच घरच्या तापमानालाच रबरासारखी लवायला लागते. आपल्याकडची हवा वर्षभर दमट, भाजल्यावर पाच मिनिटांत वाढा.

खाजन

मुख्य गोष्ट राहिली. वासाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, असे चार वास, रोज सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. प्रत्येक बाटली काही सेकंद हलकेच हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण करून तोटा काही नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा.

अबोली

सात आठवड्यांनी धागा वर काढते आहे. सराव एक दिवसही चुकवला नाही. वजन दीड किलो वाढलं.

परवा ती म्हणाली, लवंग कळते. आनंदाने मला रडू आलं. पण काल कॉफी केली तर कप लांब ढकलला, रबर जळल्यासारखी घाण येते म्हणाली. घाबरले आहे. बिघडतंय का?

खाजन

घाबरू नका. वास विकृत येणं हा पुष्कळदा बरं होण्याच्या वाटेवरचा टप्पा असतो. नव्या पेशी जोडल्या जाताना निरोप अर्धवट पोचतात. अशा रुग्णांत कॉफीतला एक गंधकयुक्त रेणू अनेकदा त्रास देतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. काही दिवस कॉफी बंद ठेवा, भाजलेलं-करपलेलं टाळा.

लवंगेबद्दल मात्र सावध. लवंग आणि निलगिरी वासाशिवायही कळतात, मिरचीसारख्या दुसऱ्या चेतातंतूतून. नाकात गार लागतं, चुरचुरतं. खरी परीक्षा गुलाबाची.

मांडवीकाठ

परीक्षा अशी घ्या. दोन सारख्या बाटल्या, एकीत गुलाब, दुसरी रिकामी. आईंचे डोळे मिटलेले, नाणं उडवून ठरवायचं कोणती द्यायची. दहा वेळा.

अबोली

घेतली. मुलाने नाणं उडवलं, मी बाटल्या धरल्या. दहात आठ बरोबर!

मांडवीकाठ

छान. पण नुसत्या अंदाजाने आठ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता १०२४ मध्ये ५६ असते, म्हणजे शंभरात पाचाहून थोडी जास्त. उद्या आणखी दहा घ्या. मला आशा वाटते आहे, म्हणूनच परत घ्या म्हणतो.

अबोली

आज घेतली. नऊ.

दहाव्या वेळी नाणं पालथं पडलं म्हणून मी रिकामी बाटली धरली. आईने हुंगली, डोळे न उघडताच माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "ही रिती. म्हाका फटोवंक नाका."